स्टार्टमधला जोगलू

नारायण पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर अण्णांचं डीटीपीचं दुकान आहे. माझ्या पुस्तकाची दुसरी प्रुफं त्या रविवारी मिळायची होती. ‘अकराला या, हातात ठेवतो,’ असं अण्णा म्हणाले होते. अकराला गेलो तेव्हा प्रुफं निघालेली नव्हती आणि अण्णा नव्या कॉम्प्युटरसमोर हाताची घडी घालून बसले होते. न विचारता घरात शिरलेल्या माणसाकडे बघावं, तसं त्याच्याकडे बघत.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०च्या नेहमीच्या दुरुस्त्या यायच्या थांबल्या. अण्णांचं मशीन विंडोज ११ला चालत नव्हतं, म्हणून नवं घ्यावं लागलं. त्यावर स्टार्टचं बटण कोपरा सोडून मधोमध जाऊन बसलेलं. ते वठणीवर आणायला भाचीला बोलावलं होतं. ती एका सॉफ्टवेअर कंपनीत पडद्यावर काय कुठे असावं आणि कसं दिसावं, हेच ठरवायचं काम करते. म्हणजे अण्णांच्या लेखी आरोपीच्या नात्यातली.

पुढचं संभाषण जसं कानावर पडलं तसं देतो. मधे मधे माझी लुडबुड आहे, ती सोडून वाचलं तरी चालेल.

अण्णा : मला याला जुनं तोंड हवंय. खाली राखाडी पट्टी, डाव्या कोपऱ्यात स्टार्ट. दाबलं की प्रोग्राम्स, प्रोग्राम्सवर गेलं की उजवीकडे पुढचं पान उलगडलं पाहिजे. बास.

भाची : कोपराच हवा ना? हे बघ मामा. सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, टास्कबार, खाली टास्कबार बिहेवियर्स, तिथे अलाइनमेंट लेफ्ट. आलं कोपऱ्यात.

अण्णा : बटण आलं. आत तेच. वर चिन्हांचा बाजार, त्यातली निम्मी मी आयुष्यात मागितलेली नाहीत. खाली ‘रेकमेंडेड’. दुकान माझं, गिऱ्हाइकं माझी, आणि मी काय उघडावं याची शिफारस हा करणार?

भाची : शिफारस कसली, बहुतेक तू अलीकडे उघडलेल्या फायलीच असतात त्यात. कोपऱ्याबद्दल मात्र मी तुझ्या बाजूची आहे. पॉल फिट्सने १९५४मध्येच दाखवलं होतं की लक्ष्य जितकं लांब आणि लहान, तितका हाताला वेळ जास्त लागतो. कोपऱ्यात माउस अडतो. कितीही जोरात ढकल, तो पुढे जात नाही. म्हणून कोपरा सगळ्यात सोपा.

अण्णा : मग मधोमध कुणी नेलं?

भाची : मी नाही नेलं! पण तुझं विंडोज ९५ही काही सोवळं नव्हतं. त्यात स्टार्टचं बटण कडेपासून ठिपका-दोन ठिपके आत होतं. अगदी टोकाला जाऊन क्लिक केलं तर बटण दाबलंच जायचं नाही. बनवणाऱ्यांनी कोपरा घेतला आणि कोपऱ्याचा फायदाच सोडून दिला.

अण्णा : मला कधी नाही तसं झालं.

भाची : झालं असणार. तू शिवी देऊन परत दाबलं असशील.

(अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.)

भाची : आणि तू ज्याला मूळ म्हणतोयस ते मूळ नव्हतंच. विंडोज ९५ बनत असताना खालच्या पट्टीवर आधी तीन बटणं होती : सिस्टीम, फाइंड आणि हेल्प. साध्या माणसांना समोर बसवलं की ती नुसती बघत राहायची. मग तिन्हींचं एक बटण झालं आणि त्याच्यावर ‘स्टार्ट’ असा शब्द आला. एवढं करूनही भागेना, म्हणून पट्टीवर उजवीकडून एक बाण सरकत यायचा आणि बटणाला धडकायचा. ‘सुरुवात करायला इथे क्लिक करा.’ आठवतो?

अण्णा : आठवतो म्हणजे? पहिलं मशीन घेतलं तेव्हा तो बाण बघायला समोरचा बाइंडर आला होता. हातातली सुई तशीच घेऊन.

भाची : मग! ते बटण नवशिक्यांसाठी होतं. स्टार्ट मेनूच्या पेटंटवर ज्याचं नाव आहे तो डॅनी ओरॅन वर्तनाचं मानसशास्त्र शिकलेला माणूस होता. माणूस कुठे अडतो हे बघून त्यांनी ते केलं. लहान मुलांच्या सायकलला मागे दोन जादा चाकं असतात ना, तसं. तू तीस वर्षं झाली तरी ती काढू देत नाहीयेस.

अण्णा : पाटीवर पहिल्यांदा ‘श्री’ काढला तो शिकण्यासाठीच. म्हणून मोठेपणी पत्रिकेवर ‘श्री’ छापायचा सोडला का कुणी?

भाची : आणि कॉम्प्युटर बंद करायलाही ‘स्टार्ट’ दाबायचं! सगळ्या जगाने थट्टा केली त्याची.

अण्णा : जगाला नसेल कळलं. तू मराठी आहेस ना? निघताना आपण ‘जातो’ म्हणतो का? ‘येतो’ म्हणतो.

इथे मी मोठ्याने हसलो आणि त्यामुळे माझी गणना अण्णांच्या पक्षात झाली. ती पुढे काही केल्या बदलली नाही.

भाची काही हार मानणाऱ्यांतली नव्हती. तिने खुर्ची जवळ ओढली आणि विंडोज ८ची गोष्ट काढली. ती गोष्ट थोडक्यात अशी. २०११मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीरपणे मांडलं की विंडोज विस्टाच्या तुलनेत विंडोज ७मध्ये स्टार्ट मेनूचा वापर ११ टक्क्यांनी घटला आहे. लोक नेहमीची सॉफ्टवेअर खालच्या पट्टीवर चिकटवून ठेवत होते, मेनूपर्यंत जायची गरज कमी झाली होती. २६ ऑक्टोबर २०१२ला विंडोज ८ आलं, त्यात मेनू नव्हता आणि बटणही नव्हतं. पूर्ण पडदाभर रंगीत चौकोन. लोक भडकले. वर्षभरात ८.१मध्ये बटण परत आलं, पण दाबलं की पुन्हा तेच चौकोन. खरा मेनू परतला तो जुलै २०१५मध्ये, विंडोज १०बरोबर.

भाची : मला एवढंच म्हणायचंय की कुणी खुन्नस म्हणून ते काढलं नव्हतं. मोजलं, कमी वापर दिसला, म्हणून काढलं.

अण्णा : ताटात सगळ्यात कमी काय खातात? मीठ. मग उद्यापासून मीठ वाढूच नका, लिंबाची फोडही नको. मोजून दाखवा, ११ टक्क्यांनी घटलंय.

भाची : ...हे मी ऑफिसात वापरणार आहे.

अण्णा : माझं नाव सांगून वापर.

भाची : पण मामा, आता मेनूत शोधत बसायची गरजच काय? विंडोजची की दाब आणि नाव टाइप कर. दोन-तीन अक्षरांत सापडतं. तुझी ती शिडी, प्रोग्राम्समधून अॅक्सेसरीज, अॅक्सेसरीजमधून पेंट, त्यात कितीदा तरी माउस घसरून सगळं मिटतं. टाइप करणं कधीही जलद.

अण्णा : असं? बघ हां.

अण्णांनी विंडोजची की दाबली. कीबोर्डकडे न बघता पाच अक्षरं मारली. पडद्यावर शोधाच्या चौकटीत आलं :

जोगलू

भाची : हा कोण?

अण्णा : पेंट!

भाचीला उलगडायला दोन-चार सेकंद लागली. मलाही. अण्णा दिवसभर मराठी टाइप करतात. कीबोर्ड मराठी टाइप करायच्या इन्स्क्रिप्ट मांडणीवर असतो. इन्स्क्रिप्टमध्ये इंग्रजी ‘पी’च्या जागी ‘ज’ आहे, ‘ए’च्या जागी ओकाराची मात्रा, ‘आय’च्या जागी ‘ग’, ‘एन’च्या जागी ‘ल’ आणि ‘टी’च्या जागी दीर्घ ऊकार. पेंटची इंग्रजी अक्षरं त्या हाताने मारली की जोगलू तयार होतो. त्याच हिशेबाने कॅल्क्युलेटरसाठी ‘कॅल्क’ची चार अक्षरं मारली तर ‘मोतम’ येतं. अण्णांच्या दुकानात या दोघांना आता माणसांचा दर्जा मिळाला आहे. ‘जोगलूत उघड ते चित्र,’ असं ते ऑपरेटर मुलीला सांगतात म्हणे.

भाची : अरे पण विंडोजची की आणि स्पेसबार दाबून भाषा बदल ना आधी.

अण्णा : म्हणजे आधी भाषा बदलायची, मग नाव लिहायचं, मग पेंट उघडायचं, मग परत मराठीत यायचं. आणि विसरलो की मजकुरात इंग्रजी कचरा. माउसने दोनदा टिचकी मारली तर यातलं काहीच लागत नाही. माउसला भाषा नसते गं.

(या वाक्यावर भाची काही बोलली नाही. तिने फोनमध्ये काहीतरी टिपून घेतलं.)

भाची : बरं, हा मुद्दा तुझा. प्रत्येक खिडकीला वेगळी कीबोर्ड-भाषा लक्षात ठेवायची सोय आहे, टायपिंगच्या प्रगत सेटिंगमध्ये. ती मी लावून देते. पण माझं म्हणणं तेवढ्याने पडत नाही. नाव आठवलं की वस्तू मिळावी, जागा आठवायला लागू नये. गोष्टी वाढतात तसा हाच मार्ग टिकतो. जागा फक्त तुझ्या डोक्यात असते. ती नवी मुलगी कामाला लागलीय तिला काय माहीत तू काय कुठे कोंबलंयस?

अण्णा : माझे वडील जुळारी होते, तुला माहितीय?

भाची : माहितीय. आजोबांची खिळ्यांची गोष्ट येणार आता.

अण्णा : येणारच. खिळे जुळवणारा माणूस खणांच्या केसकडे बघत नाही. इंग्रजीच्या मानाने आपल्याला खण कितीतरी जास्त. अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, मात्रा, सगळ्यांचे वेगळे. समोर केस, डावीकडे केस, उजवीकडे केस. डोळे मजकुरावर, हात खणात. ‘क्ष’ कुठे, असं विचारलं तर बाबांना सांगता यायचं नाही. हात पुढे करून बघायचे आणि मग म्हणायचे, इथे. हातालाच माहीत होतं. नावाने शोधायला लावलं असतं तर दिवसात एक पानही झालं नसतं.

भाची : आणि नवा जुळारी यायचा तेव्हा?

अण्णा : तेव्हा शिकायचा. सहा महिने शिव्या खायचा. पण एकदा शिकला की खण हलत नव्हते! इथे दर दोन-चार वर्षांनी कुणीतरी रात्रीतून येतं आणि केस हलवून जातं. सकाळी मी हात घालतो ‘क’साठी आणि येतो ‘ञ’.

माझ्या मते सगळ्या भांडणाचं मर्म इथे होतं. राखाडी रंग, जुना फाँट, उभ्या पट्टीवर लिहिलेलं ‘विंडोज ९५’ हा वरचा मुलामा आहे. त्यावर हळवं होणारे लोक बरेच आहेत, लिनक्सवर हुबेहूब ९५चा चेहरा चढवणारी ‘शिकागो९५’ नावाची वेषभूषाही मिळते. पण अण्णांची तक्रार चेहऱ्याची नव्हती. खण कुणी लावायचे, ही होती. जुना मेनू लोकांना आवडायचा त्याचं एक कारण असं की तो त्यांनी स्वतः लावलेला असायचा. वाईट लावलेला असला तरी. आणि वाईटच असायचा. अण्णांच्या जुन्या विंडोज एक्सपीवर प्रोग्राम्स उघडलं की तीन खांब पडद्यावर पसरायचे. अर्ध्या ओळी ‘रीड मी’ आणि ‘अनइन्स्टॉल’च्या, कुठल्याशा स्कॅनरच्या, जो केव्हाच भंगारात गेलेला. भाचीने हे सांगितल्यावर अण्णांनी ते नाकारलं नाही. ‘माझा पसारा होता ना पण,’ एवढंच म्हणाले.

यानंतर भाचीने जे दाखवलं ते मलाही माहीत नव्हतं.

भाची : थांब, गंमत दाखवते. विंडोज आणि आर. रनची चौकट आली? त्यात इंग्रजीत लिही. इंग्रजीत, जोगलू नको. शेल, मग कोलन, मग जागा न सोडता प्रोग्राम्स. एंटर.

अण्णा : हे तर फोल्डर आहे.

भाची : हाच तुझा स्टार्ट मेनू. १९९५पासून तो फोल्डरच आहे. आत शॉर्टकट आणि आणखी फोल्डर. मेनू म्हणजे ते फोल्डर उलगडून दाखवायची एक तऱ्हा. असे दोन असतात, एक तुझा, एक मशीनवरच्या सगळ्यांचा, आणि मेनूत दोन्ही एकत्र दिसतात. वर कितीही रंगरंगोटी बदलली तरी हे खाली तसंच आहे.

अण्णा : म्हणजे केस जागेवरच आहे?

भाची : केस जागेवर आहे. वर झाकण नवं आहे.

अण्णा पुढे सरकले. प्रुफं आणखी लांबली, हे मला तिथेच कळलं. त्यांनी तीन फोल्डर केले : ‘रोजचं’, ‘पुस्तकं’, ‘लग्नसराई’. त्यांत शॉर्टकट ओढून टाकायला लागले. फाँटचं सॉफ्टवेअर इकडे, स्कॅनर तिकडे. मग थबकले.

अण्णा : जोगलू नाही यात.

भाची : हो, ती एक गोची आहे. दुकानातून, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या दुकानातून येणारी नव्या जातीची अॅप्स या फोल्डरात नसतात. विंडोज ११मधलं पेंटही त्यातलंच. त्यांची यादी वेगळी. रनमध्ये शेल, कोलन, अॅप्सफोल्डर लिही. तिथून ओढलं की शॉर्टकट होतो.

अण्णा : आणि हे सगळं केल्यावर स्टार्टमध्ये शिडीसारखं दिसेल?

भाची : नाही. नवा मेनू फोल्डरच्या आतले फोल्डर दाखवत नाही, सगळं एकाच पातळीला आणून सपाट करतो.

अण्णा : म्हणजे मी खण करायचे, खणांत कप्पे करायचे, आणि ह्याने सगळं परातीत ओतायचं!

भाची : म्हणूनच लोक वेगळं सॉफ्टवेअर टाकतात.

इथून ती नाखुशीने बोलत होती, हे स्पष्ट दिसत होतं. आयव्हो बेल्चेव्ह नावाच्या प्रोग्रामरने २००९मध्ये ‘क्लासिक शेल’ आणलं, तेही फुकट. विंडोज ७मधून जुन्या स्टार्ट मेनूचा पर्याय काढला गेला होता, तेव्हाची गोष्ट. तीन वर्षांनी विंडोज ८ने मेनूच काढल्यावर ते घरोघरी पोचलं. डिसेंबर २०१७मध्ये बेल्चेव्हने काम थांबवलं आणि सोर्स कोड सगळ्यांना मोकळा केला. इतरांनी तो उचलला. आज तेच ‘ओपन-शेल’ नावाने मिळतं. मेनूच्या तीन तऱ्हा : एका खांबाची जुनी, दोन खांबांची आणि विंडोज ७सारखी. त्यावर चढवायची कातडी वेगळी निवडायची.

अण्णा : मग घे की. कशाची वाट बघतेस?

भाची : मामा, हे मशीनच्या गाभ्याला हात घालणारं असतं. ऑगस्ट २०१६मध्ये क्लासिक शेल जिथून उतरवून घ्यायचे त्या साइटवर कुणीतरी शिरलं आणि फाइल बदलून ठेवली. ज्यांनी ती चालवली त्यांच्या डिस्कच्या सुरुवातीचा भागच पुसला गेला, मशीन सुरू होईना. बनवणाऱ्याची काही चूक नव्हती. पण मेनू जुना दिसावा म्हणून गेलेल्या माणसाचं मशीनच गेलं. आणि २०२४मध्ये विंडोज ११च्या चाचणीच्या आवृत्त्यांनी एक्सप्लोररपॅचर, स्टार्टऑलबॅक असली सॉफ्टवेअर अडवायला सुरुवात केली होती. आज लावून देईन. उद्या अपडेट आला, सीझन तोंडावर आहे, पत्रिकांची रांग लागलीय आणि पट्टीच उगवली नाही, तर फोन कुणाला करशील?

अण्णा : तुला.

भाची : तेच म्हणतेय मी!

अण्णा : हे बघ, आतल्या खोलीत एक्सपीचं मशीन आहे. पेजमेकर त्याच्यावर, फाँटचं जुनं डोंगल त्याच्यावर. एक्सपीला दुरुस्त्या यायच्या बंद झाल्या एप्रिल २०१४ला. मी त्याची नेटची वायर काढून टाकली आणि कामाला ठेवलं. धोका मला कळत नाही असं नाही. कुठला घ्यायचा ते मी ठरवतो.

भाचीने उत्तर दिलं नाही. ती आतल्या खोलीत जाऊन ते मशीन बघून आली. आल्यावर आवाज जरा खाली आला होता.

भाची : पट्टीवरचं ते स्टार्टचं बटण... दाबलं की खरंच आत गेल्यासारखं वाटतं रे.

अण्णा : वाटणारच. उजेड डावीकडून वरून पडतो असं धरलंय. वरची आणि डावी कड पांढरी, खालची आणि उजवी काळी. दाबलं की उलट. खिळ्याच्या अंगावर एक खाच असते, बोटाला लागली की कळतं अक्षर सुलटं आहे की उलटं. डोळ्यांना सांगावं लागत नाही. तशी ती कड. आता तुझ्या त्या नव्या सपाट कागदांवर बटण कुठलं आणि नुसता शब्द कुठला, मला कळत नाही. राखाडी रंगाचं मला काही नाही. गुलाबी कर.

भाची : म्हणजे तुला रंग नकोय, कड हवीय.

अण्णा : आणि खण.

भाची : मग सुरुवातीला राखाडी, राखाडी का करत होतास?

अण्णा : दुसरा शब्द सापडत नव्हता.

एवढं झाल्यावर ती कामाला लागली. आधी सिस्टीम रिस्टोरचा पॉइंट करून ठेवला. मग ओपन-शेल त्यांच्या मूळ गिटहब पानावरूनच उतरवलं, शोधात वर आलेल्या कुठल्याही ‘डाउनलोड’ बटणाला हात न लावता. बसवताना बाकीचे भाग नाकारले, फक्त मेनूचा ठेवला. फाइल एक्सप्लोररमध्ये बदल करणारे भाग ११वर भांडणं करतात, म्हणाली. तऱ्हा एका खांबाची, कातडी क्लासिक. राखाडी मेनू नव्या चकचकीत पट्टीवर उगवला तेव्हा धोतरावर टाय बांधल्यासारखं दिसत होतं. अण्णांना पर्वा नव्हती. ते प्रोग्राम्सवर गेले, तिथून ‘लग्नसराई’वर, तिथून आत.

अण्णा : जरा अडखळल्यासारखं का उघडतंय? पूर्वी मी रजिस्ट्रीत जाऊन ते शून्य केलं होतं. मेनू शो डिले. एका इंजिनियर पोराने सांगितलं होतं.

भाची : आणि मग काय झालं?

अण्णा : माउस जरा खालीवर झाला की भलताच मेनू फडफडायचा.

भाची : ते ४०० मिलिसेकंद उगाच ठेवले नव्हते. तू ‘प्रोग्राम्स’वरून उजवीकडच्या पानात जाताना हात सरळ जात नाही, तिरका जातो. वाटेत दुसऱ्या ओळीवरून जातो. विंडोज तेवढा वेळ थांबतं, तुला तिथे थांबायचंय की नुसतं जायचंय ते बघायला. माणसाचा हात तिरका जातो हे कुणीतरी नीट बघितलं होतं, मामा. आमच्याच धंद्यातल्या कुणीतरी.

अण्णा : मग तो माणूस आता कुठे आहे? बोलाव त्याला परत.

तिने विलंब कमी करून २०० केला, शून्य नाही. मेनूची सगळी मांडणी एका एक्स-एम-एल फाइलमध्ये साठवली आणि पेन ड्राइव्हवर टाकून अण्णांच्या ड्रॉवरमध्ये, रबर बँड आणि स्टॅम्पपॅडच्या शेजारी ठेवली. शिफ्ट धरून स्टार्टवर क्लिक केलं की विंडोजचा स्वतःचा मेनू उघडतो, तेही दाखवलं. ‘नव्या मुलीसाठी,’ असं म्हणाली. अण्णांनी मान हलवली, पण ती मुलगी दुसऱ्या दिवसापासून कुठला मेनू वापरणार, ते ठरल्यासारखंच होतं.

चहा आला. प्रिंटर सुरू झाला. भाचीने स्वतःचा लॅपटॉप उघडला होता आणि मी बघतोय हे लक्षात आल्यावर अर्धा मिटला. तिच्या पडद्यावर तोच फोल्डर उघडा होता, शेल कोलन प्रोग्राम्स, आणि त्यात तिने नुकताच केलेला एक पिवळा फोल्डर, अजून नाव न दिलेला.

दीड वाजता प्रुफं हातात पडली. रिक्षात बसल्यावर चाळायला घेतली. सत्तेचाळिसाव्या पानावर, माझ्या आजीच्या मृत्यूच्या परिच्छेदात, ‘त्या दिवशी घरात चूल पेटली नाही’ आणि ‘दुपारी पाऊस आला’ यांच्या मधोमध, स्वतंत्र ओळीवर एक शब्द होता. मेनू उघडायच्या आत अण्णांचा हात पाच अक्षरं मारून मोकळा झाला असणार.

मी लाल पेन काढलं आणि जोगलूवर काट मारली.